जहाजांची मॉडेल्स: जोडलेली, मोडलेली, अर्धवट राहिलेली

हेमाडपंती
घराला रंग काढायचाय म्हणून माळा रिकामा केला, तर गोधड्यांखाली रेव्हेल कंपनीच्या मॉडेल किटचं खोकं. कटी सार्क नावाचं शिडाचं जहाज, १/९६, म्हणजे खऱ्याच्या शहाण्णवाव्या हिश्श्याएवढं. मामा बोटीवर होता, त्याने १९८३ साली आणलेलं. मी तेव्हा सातवीत. हल, म्हणजे जहाजाचं धड, जोडला, सायकलचा उरलेला काळा रंग फासला, तीन डोलकाठ्या उभ्या केल्या. आता दोर बांधायचे, तर दोऱ्याचं रीळच गायब. आईने त्या दोऱ्याने बाबांच्या पँटची बटणं लावली होती! मी दोन दिवस जेवलो नाही (म्हणजे वरणभात नाही, शेव खात होतो). मग दहावी आली, मग बाकी सगळंच आलं. काल खोकं उघडलं तर प्लास्टिक ठणठणीत, एक डोलकाठी मोडलेली, आणि सूचनांच्या कागदावर माझ्या अक्षरात "पान १४ उद्या".
लिहा तुमचंही. लाकडी, प्लास्टिक, पुठ्ठ्याचं, काहीही. पूर्ण झालेलंच हवं असं नाही.

मिरचीभजी
पँटची बटणं!! 😂 आयांना सगळा दोरा सारखाच.

ओहोटी
माझं केळं झालं होतं. पहिलंच लाकडी किट. कण्यावर आडव्या बल्कहेड (बरगड्यांसारख्या फळ्या) उभ्या करायच्या आणि त्यावरून पट्ट्या वाकवत न्यायच्या. पट्ट्या भिजत घातल्या, कुकरच्या वाफेवर वाकवल्या, डावी बाजू इतकी सुरेख जमत होती की एका रविवारात संपवूनच उठलो. पुढच्या रविवारी बघतो तर अख्खं जहाज एका अंगाला वळलेलं. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे असंच जायचं असतं, सुकताना ताण येतो. सूचनांत लिहिलं होतं. सूचना वाचतो कोण? सासूबाई आता त्यात चाव्या ठेवतात.

नाखवा_थळ
@ओहोटी खऱ्या होडीलाही तेच. कण्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. आजा होड्या बांधायचा, दोन्ही अंगांनी फळ्या सारख्या चढवायच्या हा त्याचा कायदा. तुम्ही किट उघडण्याआधी आमच्याकडे यायला हवं होतं, चहा पण मिळाला असता.

ओहोटी
चहा की बोंबील?

नाखवा_थळ
पावसाळ्यात सुके. या.

ठिपक्यांची_रांगोळी
बोंबलांवर वेगळा धागा काढा प्लीज, भूक लागली. मी स्वतः काही बनवत नाही, नवरा बनवतो. जेवणाच्या टेबलावर गेले आठ महिने एक फ्रिगेट (युद्धनौका) आहे. आम्ही जमिनीवर जेवतो. पाहुण्यांना सांगतो की भारतीय बैठक, पचनाला चांगली.

पावणेदोन
तामिया कंपनीचं किट, जपानी युद्धनौका यामाटो, १/३५०, म्हणजे पाऊण मीटर. विमानविरोधी तोफा तांदळाच्या कणीएवढ्या. एक चिमट्यातून उडाली ती गेलीच. युक्ती सांगतो: दिवे घालवा, टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा, बारकी वस्तू असली तरी सावली लांब पडते. मी तासभर रांगलो. मिळाल्या तीन टाचण्या, एक शेंगदाणा. सकाळी झाडताना मावशींनी आणून दिली, "दादा, हे तुमच्या बोटीचं का?" सोबत तांदळाचे दोन खरेखुरे दाणे, खात्री नव्हती म्हणून.

मिरचीभजी
मावशींना अ‍ॅडमिरल करा

उगाच_एक
वासा. स्वीडनचं जहाज, १६२८ साली पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरही न जाता बुडालं, १९६१ ला वर काढलं. मी कॉलेजात असताना जुनं किट मिळालं होतं, खोक्यावरच्या चित्रात मागचा भाग निळा आणि सोनेरी. तसाच रंगवला, तीन महिने, डबल झिरोचा ब्रश, डोळ्याला पाणी. नंतर कामानिमित्त स्टॉकहोमला गेलो. म्युझियममध्ये मूळ जहाजाशेजारी १/१० ची प्रतिकृती आहे. ती लालभडक! आधी निळा समजत होते, पुढे रंगाचे अवशेष तपासल्यावर लाल निघाला. मी तिथे बाकावर बसून राहिलो. बायको म्हणाली, परत रंगव. बारा वर्षं झाली, आमच्याकडे निळाच आहे.

सागरगोटा७४
किट नाही, पण लिहिते. बाबा १९७१ ला विक्रांतवर, इंजिन रूमला. २०१४ मध्ये जहाज भंगारात गेलं तेव्हा त्यांनी बातम्या बघणं बंद केलं आणि पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्या आणायला सांगितल्या. मी नातवंडांसारखी हौसेने नेटवरचा फोटो बघून पुढचा चढ, तो स्की-जंप, करून दिला. बाबांनी ब्लेडने कापून काढला. "हा नंतर लावला. आमच्या वेळी डेक सपाट. सी हॉक विमानं कॅटपल्टच्या धक्क्याने जायची, आणि कॅटपल्टला वाफ कोणाची? आमची." त्यांनी युद्धात विमान उडताना एकदाही बघितलं नाही, खाली होते ना. वाफेचा दाब पडला की कळायचं, एक गेलं.
मागच्या वर्षी गेले. वरचा मास्ट राहिलाय. काडी कापून ठेवलीय त्यांनी, मी चिकटवत नाही.

ठिपक्यांची_रांगोळी
🙏 नको चिकटवूस. काचेच्या पेटीत ठेव मात्र, धूळ फार वाईट.

नाखवा_थळ
सलाम बाबांना.

गियरवाला
माझ्याकडे बजाज व्ही बाइक होती, विक्रांतचं पोलाद वापरलेली. पाच वर्षं चालवली, मग मेव्हण्याला विकली. हे वाचून चुटपुट लागली.

पावणेदोन
थोडक्यात, तू युद्धनौका मेव्हण्याला विकलीस.

टेम्सकाठ
ऑफिसात आहे, पटकन. उत्तर इंग्लंडात हार्टलपूलला ट्रिंकोमाली ही जुनी शिडाची युद्धनौका बघा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली, १८१७, मलबारचा साग. अजून तरंगतेय. मी तिचं किट घेतलंय, उघडलेलं नाही. @हेमाडपंती तुमच्या कटी सार्कच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, बाई बघितलीत का? हातात घोड्याची शेपटी असते. चेटकीण आहे ती, घोडेस्वार निसटला आणि शेपटी हातात राहिली. नावाचा अर्थ आखूड शेमीज.

हेमाडपंती
अरे देवा. आईने तेव्हा विचारलं होतं, नावाचा अर्थ काय. मी सांगितलं होतं, "समुद्राची राणी".

मिरचीभजी
दोर बांधायला कुठला दोरा घेतात? मुलाला सुट्टीत किट आणायचंय. वय ९.

ओहोटी
सुती, आणि मेणावरून ओढून घ्यायचा म्हणजे कुसं बसतात. पण नऊ वर्षांच्या मुलाला शिडं नकोत हो, डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या प्रत्येक पायरीला क्लोव्ह हिच गाठ. मी मोजल्या नाहीत, मानेने मोजल्या. स्टीलचं जहाज आणा, १/७०० चं, पाण्याच्या रेषेखाली काही नसतं, टेबलावर तरंगल्यासारखं दिसतं. सुपरग्लू मात्र तुम्हीच लावा.

मिरचीभजी
धन्यवाद. बहिणीला सांगते दुबईहून आणायला. रंग पण?

टेम्सकाठ
रंग नको, ज्वालाग्राही म्हणून विमानतळावर काढून घेतात. स्वानुभव. बोलणार नाही त्यावर.

उगाच_एक
@हेमाडपंती मग पान १४ चं काय?

हेमाडपंती
रंगारी आलेत, जहाज टीव्हीवर ठेवलंय. आईला दोऱ्याचं विचारलं. म्हणाली, ती पँट विरली तेव्हा तिची बाजाराची पिशवी शिवली, बटणासकट. पिशवी आहे अजून, बटणही. आज सकाळीच त्यातून मेथी आणली.

ओहोटी
काढून घ्या बटण.

हेमाडपंती
विचारलं. नाही म्हणाली.