मिलानमधील सार्पी रस्ता आणि चिनी डंपलिंग: आपले अनुभव लिहा

मिलानमधील व्हिया पाओलो सार्पी हा रस्ता आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्या ही इटलीतील जुन्या चिनी वस्त्यांपैकी एक. १९२०च्या दशकापासून चीनच्या चच्यांग प्रांतातील कुटुंबे येथे येत गेली. येथील खाद्यपदार्थ विकणाऱ्या खिडक्यांवर उभे राहून आपण काय खाल्ले, ते बनताना काय पाहिले आणि शाकाहारी मंडळींची सोय कशी झाली, हे सविस्तर लिहावे. नुसते ‘छान होते’ एवढे नको.

स्वयंपाकात रस असलेली एक गृहिणी
खाण्याआधी मी काचेपलीकडचे काम पाहत राहिले. मैद्याची लांब वळी करून तिचे तुकडे पाडतात आणि छोट्या लाटण्याने पारी लाटताना मध्य जाड, कडा पातळ ठेवतात. कारण सारणाचा भार मध्यावर येतो, तर कडा दुमडल्यावर आपोआप दुपदरी होतात. पाण्यात उकळायच्या डंपलिंगसाठी मैदा गार पाण्यात भिजवण्याची रीत आहे, म्हणजे पारी चिवट राहते आणि सहसा फुटत नाही. वाफवायच्या किंवा तव्यावर भाजायच्या डंपलिंगला मात्र बहुधा गरम पाणी वापरतात, त्याने पारी मऊ होते. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हाताला ही मुरड परकी वाटणार नाही. तांदळाच्या उकडीला मैद्याचा ताण नसल्यामुळे आपण पारी बोटांनी दाबत नेतो, येथे लाटणे भराभर फिरते, एवढाच फरक. सोबतचा काळा व्हिनेगर टाळू नये. डुकराच्या मांसाच्या सारणाचा तुपकटपणा त्यानेच तुटतो.

बरीच वर्षे मिलानमध्ये राहणारे एक अभियंता
हा रस्ता पूर्वी खाण्यासाठी नव्हे, तर कपड्यांच्या घाऊक व्यापारासाठी ओळखला जात असे. माल उतरवणाऱ्या गाड्यांवरून तणाव वाढत गेला आणि एप्रिल २००७मध्ये एका दंडाच्या पावतीवरून येथे चिनी रहिवासी आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. पुढे रस्ता पादचाऱ्यांसाठी राखला गेला, आणि चालत खाता येतील असे पदार्थ विकणाऱ्या खिडक्यांना त्यानंतरच बहर आला, असे माझे मत आहे. २०१५मध्ये सुरू झालेली ‘राव्हिओलेरिया सार्पी’ त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिच्या सारणातले मांस शेजारच्या जुन्या इटालियन खाटकाकडून येते, आणि ही गोष्ट मला तिच्या चवीइतकीच मोलाची वाटते.

मिलानच्या बोव्हिसा भागातील विद्यार्थी, शाकाहारी
भाज्यांचे डंपलिंग मिळतात, परंतु दोन प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नयेत: सारणात अंडे आहे का, आणि ते मांसाच्या डंपलिंगबरोबर एकाच भांड्यात शिजतात का. चिनी पातीच्या (लसणासारख्या वासाच्या हिरव्या पातीच्या) सारणात अंडे घालणे ही तिकडची नित्याची पद्धत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला एका ठिकाणी ‘हो’ असे प्रामाणिकपणे मिळाले, आणि मी पुढे गेलो.

आई-वडिलांना घेऊन गेलेली एक नोकरदार
आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवरचे मंचुरियन किंवा शेजवान राइस डोक्यात ठेवून येथे येऊ नये. माझ्या वडिलांना तिखट नसल्याने पहिला घास फिका लागला. आईला मात्र ज्यानबिंग आवडले. पातळ धिरड्यावर अंडे फोडून पसरवतात, वर सॉस आणि कुरकुरीत पापडी ठेवून घडी घालतात. ते लगेच खावे, कारण पापडी मऊ पडली की मजा गेली. अनेक खिडक्यांपाशी बसायला जागा नसते, तेव्हा वयस्कर माणसांबरोबर जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारची गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी, जेवणाच्या वेळेआधी जावे. मेट्रोच्या लायलॅक (फिकट जांभळ्या) मार्गिकेवरील मोनुमेन्ताले स्थानक जवळ पडते.