बेथपेज ब्लॅक : प्रथमच खेळणाऱ्यासाठी सल्ला हवा

प्रश्न : न्यूयॉर्कजवळील बेथपेज स्टेट पार्कमधील ब्लॅक कोर्स या गोल्फ मैदानावर पुढील महिन्यात खेळण्याचा योग आहे. माझा हँडिकॅप (अपेक्षेपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात, तो आकडा) १८ आहे. हे मैदान केवळ अत्यंत कुशल खेळाडूंसाठी असल्याचा जो फलक तेथे लावला आहे, तो किती गांभीर्याने घ्यावा?

प्रतिसाद १ : पूर्ण गांभीर्याने घ्यावा, पण जाणे मात्र रद्द करू नये. १९३६ साली खुले झालेले हे मैदान सार्वजनिक असूनही तेथे २००२ आणि २००९ ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा झाली, आणि कोणालाही शुल्क भरून त्याच ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पट करता, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलता येतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मागच्या टीचा, म्हणजे सर्वांत लांबून खेळ सुरू करण्याच्या जागेचा, मोह टाळावा. चौथ्या होलवर (मैदानाच्या चौथ्या टप्प्यावर) तिरका पसरलेला प्रचंड बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, दुसऱ्या फटक्यात ओलांडण्याची खात्री नसेल, तर चेंडू बंकरच्या अलीकडे ठेवावा. रफमधून (कडेच्या उंच गवतातून) लांब फटक्याचा हट्ट नको. वेज (चेंडू उंच व जवळ मारणारी काठी) घेऊन फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, परतावे.

प्रतिसाद २ : ब्लॅकवर कार्टला (खेळाडूंना नेणाऱ्या छोट्या गाडीला) परवानगी नाही, त्यामुळे चढउतारांचे अठराही होल पायीच पूर्ण करावे लागतात, बॅग हलकी ठेवावी. पंधराव्या होलचे ग्रीन बरेच उंचावर आहे, म्हणून तेथे नेहमीपेक्षा लांब पल्ल्याचा क्लब (गोल्फची काठी) निवडावा.