तुम्ही तुमचं फीड कसं वळवता? विद्यार्थ्यांनी अनुभव लिहा

कॉलेज, क्लास, स्पर्धा परीक्षा, कुठेही शिकत असाल तर लिहा: अल्गोरिदम, म्हणजे ॲपवर पुढे काय दिसणार हे ठरवणारी यंत्रणा, तुम्हाला कसा कळत गेला आणि तुम्ही त्याचं काय करता. सुरुवात मी करते. एमपीएससीसाठी पुण्यात आहे, यूट्यूबवर अभ्यासाचं अकाउंट वेगळंच ठेवलंय, त्यावर फक्त राज्यघटना, भूगोल, अर्थशास्त्र. जेवताना कॉमेडी बघायची तरी आधी अकाउंट बदलायचं. २०१२ पासून यूट्यूब क्लिकपेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त किंमत देतं, म्हणून चांगलं लेक्चर शेवटपर्यंत चालवते आणि भडक थंबनेल उघडतच नाही.

*

लातूर, नीट रिपीटर. रँक, कटऑफ, "मी इतके मार्क कसे पाडले" असले रील्स इतके यायचे की छातीत धडधडायचं, आणि लाइक तर एकालाही केलेलं नव्हतं. मग कळलं की मी थांबून वाचते, कमेंट उघडते, परत मागे जाऊन बघते, अल्गोरिदमला तेवढं पुरतं. आता तसलं काही दिसलं की वाचायच्या आत वर सरकवते आणि मुद्दाम रांगोळी, सुतारकाम असले व्हिडिओ पूर्ण बघते. खूप फरक पडलाय खरंच. पण निकाल जवळ आला की सगळं परत येतं कारण तेव्हा आमच्या वयाचे सगळेच तेच बघत असतात, ते एकटीच्या हातात नाही. मैत्रिणींनो, त्या दिवसांत ॲपच काढून टाका.

*

"नॉट इंटरेस्टेड"वर विसंबू नका. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबची बटणं तपासली, तर त्या बटणाने नको असलेल्या शिफारशी जेमतेम ११ टक्के अडवल्या, "डोन्ट रेकमेंड चॅनल"ने ४३ टक्के. मी काय काय बघितलं त्याची हिस्टरी पुसली आणि बंदच ठेवलीय. २०२३ पासून तसं केलं की होम पेज रिकामं दिसतं, हवं ते शोधून बघायचं. मला तरी हेच आवडतं.

*

आम्ही साताऱ्याचे इंजिनिअरिंगचे मित्र किल्ल्यांचं पेज चालवतो. आधी ग्रुपमध्ये एकमेकांना लाइक द्यायचो, त्याने आपलेच लोक फिरून फिरून यायचे. इन्स्टाचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं की नवीन लोकांपर्यंत जायला रील किती जण दुसऱ्याला पाठवतात हे जास्त मोजलं जातं, लाइक ओळखीच्यांत चालतं. मग आम्ही विचार केला, माणूस मित्राला काय पाठवेल? एसटी कुठून मिळते, पाणी वर आहे का, पावसाळ्यात कुठली वाट निसरडी होते. असं टाकल्यावर पार नागपूरकडून विचारणा यायला लागली. तटबंदीचा, टाक्यांचा इतिहास मात्र आम्ही कापत नाही, तो फोटोंच्या पोस्टमध्ये सविस्तर लिहितो, वाचणारे कमी असले तरी.

*

जर्मनीत मास्टर्स करतोय. इथे युरोपियन कायद्यामुळे मोठ्या प्लॅटफॉर्मना प्रोफाइलिंगशिवाय, म्हणजे आपल्या सवयींचा माग न काढता चालणारा फीडचा पर्याय द्यावाच लागतो, सेटिंगमध्ये शोधा. आपल्याकडेही यायला हवं हे.

*

निफाडजवळचं गाव, घरात स्मार्टफोन एकच. आईची कीर्तनं, पप्पांचे कांद्याचे भाव, भावाची गेम आणि माझं बारावीचं फिजिक्स, सगळं एकाच फीडमध्ये. वरचे बरेच उपाय एकाचा एक फोन धरून सांगितलेत. मी प्रत्येक धड्याची प्लेलिस्ट सेव्ह करून ठेवते, फोन हातात आला की थेट तीच उघडते, होमवर जातच नाही. अजून कोणी एकाच फोनवर शिकत असेल तर तुम्ही काय करता ते नक्की लिहा.