मदत हवी आहे: टेपबरोबर राक्षसाचा गाल निघाला!

सुतळीबाँब: लोकहो, लवकर सांगा, डोकं फिरलंय. जुन्या सिनेमात बोरिस कार्लॉफ या नटाने केलेल्या राक्षसाचं मॉडेल रंगवतोय. चेहरा हिरवट करून झाला. कोटाला काळा द्यायचा म्हणून मानेपाशी मास्किंग टेप लावली, तर काढताना अर्धा गाल टेपबरोबर आला. दोनदा झालं. रविवारी भाच्याला द्यायचाय.

खडूस_काका: मॉडेल प्लास्टिकचं की रेझिनचं? रंग कुठला? प्रायमर? फोटो? काहीच सांगायचं नाही आणि वर लवकर सांगा.

सुतळीबाँब: रेझिन, फूटभर उंच. ॲक्रेलिक, ब्रशने. रंगाखालचा प्रायमर मारलाय की, स्प्रेचा.

मीनल_ठाणे: आधी धुतलं होतंस का?

सुतळीबाँब: नवंकोरं होतं, धुवायचं कशाला? फडक्याने पुसलं.

मीनल_ठाणे: तिथेच घोळ झाला. रेझिन साच्यातून सुटावं म्हणून साच्याला सिलिकोन मारतात, तो तेलकटपणा मॉडेलवर राहतो. टेपच्या मागे राखाडी प्रायमर दिसतोय का बघ. दिसला तर सगळं उतरव. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, कोटाच्या घड्या नीट घास. पाणी कोमटच घे, उकळत्या पाण्यात रेझिन मऊ पडून हात वाकतील.

गॅरेजवाला: एवढा खटाटोप कशाला? रात्रभर थिनरमध्ये बुडव. मी गाडीचे पार्ट असेच साफ करतो.

मीनल_ठाणे: ते पार्ट लोखंडी असतात हो दादा! थिनरने रेझिन चिकट होतं. ॲक्रेलिक उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे, आणि न चिकटलेला प्रायमर नखानेही सुटेल.

शंकासुर: फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचं आहे.

सुतळीबाँब: मी ते नाव घेतलंच नाही.

शंकासुर: बरं, मग हिरवा कशाला? सिनेमा १९३१चा, कृष्णधवल.

जुना_प्रोजेक्टर: सिनेमाचा मेकअपवाला जॅक पिअर्सने हिरवट रंगच फासला होता, कॅमेऱ्यात मढ्यासारखा फिका दिसावा म्हणून. पण पडद्यावर दिसला तो राखाडी. तोच दे.

शंकासुर: मेरी शेलीच्या १८१८च्या मूळ कादंबरीत कातडी पिवळी आहे.

जुना_प्रोजेक्टर: मानेतले बोल्ट आहेत का तिच्यात? कार्लॉफ रंगवतोय तो, कादंबरी नाही.

खडूस_काका: मुळात ब्रशने रंगवताना टेप लागतेच कशाला? आधी चेहरा, मग बारीक ब्रशने कॉलरची कड. हात थरथरत असेल तर मनगट टेबलाला टेकव.

पेणकर: डोळे शेवटी. आमच्याकडे गणपतीच्या डोळ्यांची आखणीही शेवटीच होते. बुबुळ पूर्ण गोल काढू नकोस, वरचा भाग पापणीखाली जाऊ दे, नाहीतर दचकलेला दिसेल.

जुना_प्रोजेक्टर: अगदी. कार्लॉफच्या पापण्यांवर मेण लावून त्या जड केल्या होत्या.

सुतळीबाँब: टेपमागे राखाडीच होतं, मीनलताई. घासून धुतला, रात्रभर वाळवला. राक्षसाच्या बुटाच्या तळाला प्रायमर मारून टेप लावून बघितली, नाही निघाला. भाच्याला विचारलं, तो म्हणतो हिरवाच हवा.

शंकासुर: भाच्याला कादंबरी द्या.

खडूस_काका: फोटो?