डॅनिश शाळांमधली निवडणूक: मुलांना खरा अधिकार किती?

पिंपळपान: डेन्मार्कमध्ये आठवी-नववीची मुलं शाळेत मतदान करतात, असं वाचलं. हा नुसता अभ्यासक्रमातला उपक्रम आहे की मुलांच्या हातात काही निर्णयही असतात?

खडूफळा: या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, गल्लत नको. 'स्कोलेवाल्ग', म्हणजे शाळेतली ही सरावाची निवडणूक, २०१५पासून होतं, आठवी ते दहावीसाठी. तीन आठवडे चालतं. मुलं आधी आपल्याला महत्त्वाचे वाटणारे मुद्दे निवडतात, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद लिहितात, मग कोणत्या पक्षाची भूमिका काय ते तपासतात. शेवटच्या दिवशी खऱ्या पक्षांच्या नावांची मतपत्रिका हातात पडते. या मतांनी संसदेतली एकही जागा हलत नाही.

अधिकार विद्यार्थी परिषदेत आहे. पाचवी किंवा पुढचे वर्ग असलेल्या शाळेत ती स्थापन करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. शाळेच्या संचालक मंडळावरही विद्यार्थी प्रतिनिधी असतात. मात्र एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा शिक्षकाचा वैयक्तिक विषय निघाला की या प्रतिनिधींना बाहेर जावं लागतं. बिघडतं कुठे? परिषदेकडे फक्त खेळाचं साहित्य आणि सहलीच सोपवल्या, आणि ठरावाला उत्तरच दिलं नाही, तर पुढच्या वर्षी उमेदवार मिळत नाहीत. लेखी उत्तर द्यायची मुदत आधीच ठरवून घ्यावी.

उत्तरायण: शाळेबाहेरचं बळही बघा. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची युवा संघटना १९०४ची, सोशल डेमोक्रॅटांची १९२०ची. या संघटना मूळ पक्षाला उघड विरोध करतात आणि तसंच असायला हवं. युवा संघटनांचा महासंघ १९४०मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष हाल कॉक लोकशाहीचं मर्म मतमोजणीत नाही, संवादात आहे असं मानत. आज याच महासंघामार्फत लॉटरीच्या नफ्यातला वाटा संघटनांना मिळतो.

पिंपळपान: मग अठरा पूर्ण झाल्यावर मतदान भरपूर होत असेल?

मतपत्र: २०२२च्या संसदीय निवडणुकीत एकूण ८४ टक्के झालं. खरी गळती वेगळ्या ठिकाणी आहे. अठराव्या वर्षी घरी राहणारी मुलं आईवडिलांबरोबर केंद्रावर जातात; शिक्षणासाठी घर सोडलं की प्रमाण घसरतं, विशेषतः नगरपालिकेच्या निवडणुकीत (दर चार वर्षांनी, नोव्हेंबरचा तिसरा मंगळवार). म्हणून दूर राहणाऱ्यांना आगाऊ मतदान समजावून सांगा: नगरपालिकेसाठी ते सहा आठवडे आधी सुरू होतं, पण एकदा केलं की निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर पुन्हा मत देता येत नाही. आणि मतपत्रिकेवर फुली एकच, पक्षापुढे किंवा उमेदवारापुढे. शेजारी हसरा चेहरा काढला तरी मत बाद होतं.