घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी मराठी पुस्तक सुचवा (बजेट ५००)

सातरस्ता_सून
सर्वांना सलाम. आम्ही सोलापूरला असतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा आणि मुलगी ६. मिस्टर रेल्वेत, शिफ्ट ड्युटी. सासरे होते तोवर रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. ते गेले आणि ती मोडली. महिनाभरापासून पुन्हा बसतोय, पण मी बायबलचा अध्याय वाचते, मुलगा सतरंजीच्या दशा ओढत बसतो आणि मुलगी झोपून जाते. मुलं इंग्लिश मीडियमची, जोडाक्षराला अडखळतात. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटांत होईल असं, मराठीच पुस्तक सांगा. ५०० च्या वर या महिन्यात जमणार नाही.

कोर्टी_रोड
ताई, सरळ इंग्लिशमधला घरच्या प्रार्थनेच्या पुस्तकांचा चार भागांचा सेट घ्या. रोज एक पान, खाली प्रश्न. आम्ही २४०० ला घेतला, बाइंडिंग एकदम मजबूत. मुलं इंग्लिशमध्येच शिकतात ना?

सातरस्ता_सून
दादा, सासूबाईंना इंग्लिश येत नाही. त्यांना सोडून बसायचं नाही.

शब्बाथशाळा_बाई
मोठ्या अक्षराचं पवित्र शास्त्र (बायबल) हवंच. पण ऑनलाइन मागवू नका. मी मागवलं तर हिंदी आलं, परत पाठवायला तीन आठवडे गेले, पैसे अर्धेच मिळाले. अक्षर डोळ्यांनी बघून घ्या.

जुना_नगरकर
पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर मिळालं तर बघा. मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीकवरून केलेलं, १९२४ ला निघालं. साध्या बायामाणसांना कळावं म्हणून त्या बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. आमच्या आजीची प्रत अजून माझ्याकडं आहे.

विडी_घरकुल
शंभर वर्षांपूर्वीची मराठी सहा वर्षांच्या पोरीला कळणार होय? फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल घ्या की. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आम्ही सोलापूरहून मुद्दाम गेलो होतो ऐकायला. टिपा आहेत, कळतं.

जुना_नगरकर
दिब्रिटो कॅथलिक फादर होते. ताईंची मंडळी (चर्च) कोणती ते आधी विचारा.

विडी_घरकुल
वचन तेच आहे ओ. माझी मावशी कॅथलिक घरात दिली आहे, तिच्या घरी आमच्यापेक्षा जास्त प्रार्थना होते.

नीतिसूत्रे३१
पैसे खर्चूच नका. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे ३१ अध्याय, आज जी तारीख तो अध्याय. आम्ही नऊ वर्षं असंच करायलाव.

शब्बाथशाळा_बाई
पाचवा आणि सातवा अध्याय परस्त्रीवर आहे. पोरगी "म्हणजे काय?" विचारेल तेव्हा काय सांगणार? त्यापेक्षा बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) घ्या. १६ च अध्याय, चारही शुभवर्तमानांत छोटं, सगळ्या गोष्टीच गोष्टी. पण अख्खा अध्याय नको, एका दिवशी एकच प्रसंग. येशूनं वादळ शमवलं ते वाचलं की थांबा, आणि मुलालाच विचारा, होडीत तू असतास तर? मी वर्गात हेच करते, दशा ओढणारी पोरंसुद्धा बोलतात.

पुस्तकवेडी_सोलापूर
लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'! त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधल्या काळात त्या घरानं काय सोसलं ते वाचा. ख्रिस्ती घर कसं उभं राहतं हे मला त्या पुस्तकानं शिकवलं. मी दोनदा विकत घेतलं, दोन्ही वेळा नेणाऱ्यानं परत दिलं नाही.

कोर्टी_रोड
ते साहित्य झालं, प्रार्थनेचं पुस्तक नव्हे. पुन्हा सांगतो, सेट घ्या. चौथ्या भागात आई-वडिलांसाठी वेगळी पानं आहेत.

पाण्याचा_वार
पुस्तक कुठलंही घ्या, वेळ पक्की ठेवा. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते नेमकं प्रार्थनेच्या वेळेला सुटतं आणि सगळे हंडे-बादल्या घेऊन पळतात. म्हणून आम्ही जेवणाच्या ताटावरच बसतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंच आहे की, घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता लेकरांशी बोलत जा.

शब्बाथशाळा_बाई
आणि अक्षर बघून घ्या, ऑनलाइन नको.

सातरस्ता_सून
सगळ्यांचे आभार. राग मानू नका, पण यातलं काहीच घेतलं नाही.

रविवारी उपासनेहून आल्यावर सासऱ्यांची ट्रंक उघडली. त्यांचं 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक सापडलं. पाठीला खाकी कागद लावलेला, कडा तेलकट झालेल्या, आणि जी गीतं आमच्या घरी गायची त्यांच्या आकड्यांभोवती निळ्या शाईनं गोल. संध्याकाळी मी एक आकडा वाचला, तर सासूबाईंनी पुस्तकाकडं न बघता चारही कडवी म्हटली. ना. वा. टिळकांचं होतं. मुलगा दशा सोडून त्यांच्या तोंडाकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी मुलीनं ध्रुवपद धरलं, भांडी घासताना म्हणत होती.

आता रोज एक गोल केलेलं गीत, त्याच्या अर्थावर सासूबाई दोन शब्द बोलतात, मग प्रार्थना. मिस्टर ड्युटीवर असले तर फोन लावून ठेवतो. ५०० तले ६० रुपये मोठ्या वहीला गेले. मुलगा तिच्यात आजीसाठी रोज एक गीत मोठ्या अक्षरात उतरवतो. जोडाक्षरं आजी तपासते. मार्कचं मात्र लक्षात ठेवलंय, शनिवारी तेच वाचू.

मुलगा आता पेटी मागतोय.

कोर्टी_रोड
पेटी घ्यायची तर नवीनच घ्या. मी जुनी घेतली, भाता फाटका निघाला, दुरुस्तीत तीन हजार गेले.