मदत हवी आहे: सलग अर्धा तास पळता येतं, पण वेग काही वाढत नाही

नमस्कार मंडळी,

दारव्ह्याच्या बाजूला, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४१, शाळेत शिकवते. 'काऊच टू फाइव्ह के' हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम पावसाळा सरता सरता पुरा केला. एक मिनिट पळा, दीड मिनिट चाला, इथून सुरुवात होती. आता अर्धा तास न थांबता पळते. पण नाव पाच किलोमीटरचं असलं तरी त्या अर्ध्या तासात माझे जेमतेम चारच होतात. पाचला ३८ मिनिटं लागतात आणि दिवाळीपासून गाडी तिथंच अडली आहे. ३५ च्या आत यायचं आहे.

आठवड्यातून तीनदा गाव ते फाटा असा डांबरी रस्ता, तोही दर वेळी जमेल तितक्या जोरात. घरी येते तेव्हा पोटऱ्या भरून आलेल्या असतात. शाळेच्या मैदानावर भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटर मारतात. ती म्हणतात, "मॅडम, रोज आमच्यासोबत या, आपोआप स्पीड येते." जावं का? की पांदणीनं पळावं? सध्या फाट्याकडून कापसाच्या गाड्या सुरू आहेत, अंधारात त्यांची भीती वाटते.

'या वयात कशाला' हे घरी ऐकतेच, इथं नको. वजनाबद्दलही विचारलेलं नाही.

धुऱ्यावरचा
ताई, तिन्ही दिवस एकाच जोरात पळणं, अडचण इथंच आहे. धड सावकाश नाही, धड वेगात नाही. शरीराला त्या ओझ्याची सवय झाली की ते पुढं सरकत नाही. दोन दिवस मुद्दाम हळू पळा, इतकं हळू की सोबतीणीशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. ३८ च्या हिशेबानं तुमचा किलोमीटर साडेसात मिनिटांच्या थोडा वर जातो. हळूच्या दिवशी तो साडेआठ-नऊवर गेला तरी जाऊ द्या. लाज वाटते, पण दम वाढतो तो इथंच. त्यातला एक दिवस लांबवत न्या, पाचाचे साडेपाच, मग सहा, घाई न करता सातापर्यंत.

वेगाचा दिवस एकच. दहा मिनिटं सावकाश पळून अंग गरम करा, मग ४०० मीटर २ मिनिटं ४५ सेकंदांत, मग दोन मिनिटं चाल. असं चारदा, पुढं सहादा. ३५ मिनिटांत ५ किमी म्हणजे ४०० मीटरला २ मिनिटं ४८ सेकंद, त्याहून हे किंचित वेगात झालं. पहिलं ४०० उडवून द्यायचा मोह होतो. शेवटचं पहिल्याइतक्याच वेळात आलं तर दिवस साधला समजा.

टोंगळे_सलामत
ताई, काऊन त्या पोट्ट्यायच्या मांगं लागता? ते १६०० साठी पळून रायले, वय विशीचं. रोज त्यायच्या जोडीनं पळाल तर आधी नडगीचं हाड बोंबलते. मैदान वापरा, पण वेगाच्या दिवशीच, अन् घड्याळ आपलं पाहा.

पांदणीचं म्हणाल तर आत्ता नको. काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात दगडासारख्या टणक होतात, अंधारात घोटा मुरगळलाच समजा. मुरमाचा रस्ता असला तर बेस. पोटऱ्यांसाठी ओट्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करा, एका दिवसाआड. पाऊल लांब टाकून वेग काढू नका. पाऊल छोटं ठेवा, भराभर टाका.

एक ध्यानात ठेवा, मार्चनंतर आपल्याकडं वेळ वाढणारच. उन्हात तेवढ्याच वेगाला नाडी जास्त चढते. तेव्हा घड्याळाशी भांडू नका, सूर्य उगवायच्या आत आटपा. ३५ चं पाहायचं असलं तर फेब्रुवारी सरायच्या आत पाहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. पोरांना आजच सांगितलं, बुधवारीच येईन, तेही माझ्या घड्याळानं. हसली, पण चालेल.

मैदानाची एक फेरी साधारण २०० मीटर आहे, म्हणजे दोन फेऱ्या. एका कोपऱ्यात हापशीचा चिखल असतो, तिथं वेग तुटतो. तेवढा भाग टाळून सरळ बाजूनंच जाऊन-येऊन केलं तर चालेल का? वळताना थांबावं लागेल.

धुऱ्यावरचा
मग अंतराचा नाद सोडा आणि वेळेवर पळा. फाट्याच्या रस्त्यावर उजाडल्यावर, उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, पावणेतीन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं चाल. काम तेच होतं. महिन्याभरानं ५ किमीची वेळ घ्या आणि इथंच टाका.